जमादारांची तहान

राजापेठेतल्या आमच्या जमादारांना तहान फार. पावसाळ्यात अंगावरून पाणी निथळत असलं तरी तहान, पौषातल्या थंडीत दात वाजत असले तरी तहान. सायकल भिंतीला टेकवायची, टोपी काढून काखेत धरायची, कोणाच्याही ओसरीच्या पायरीवर बसायचं आणि म्हणायचं, "पानी पाजा बाप्पा." चौकीत रांजण भरलेला असे, पण त्यांना लोकांच्याच घरचं पाणी लागे. आमचे हे मला चिडवायचे, "तुझ्या जमादाराच्या घरी विहीर नाही का?" पेठेतल्या पोरांनी त्यांना 'तहान्या जमादार' असं नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांचं खरं नाव मी केव्हातरी ऐकलं असेन, पण ते जिभेवर बसलं नाही. आमच्यासाठी ते जमादारच.

पाणी पिण्याची त्यांची एक तऱ्हा होती. घरातल्या पुरुषानं पाणी आणलं तर ते पेला बाजूला ठेवून देत. "बाईमानसाच्या हातचं पानी थंडं राह्यते," म्हणून हसत. मग घरातली सून किंवा लेक पेला घेऊन यायची. तोही ते लगेच घेत नसत. आधी कपाळ पुसायचं, मग टोपी कुठे ठेवावी याचा विचार करायचा, मग वाकून पायाच्या पट्ट्या सारख्या करायच्या. तोवर ती बाई आपली हात पुढे करून उभी. पदर मनगटावरून मागे सरकायचा. जमादार तिच्या तोंडाकडे कधी बघत नसत, नजर हातावर. मला वाटायचं, काय हा वेंधळा माणूस, याला पोलिसात घेतला कोणी?

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. दर गुरुवारी आमच्या ओसरीवर बायकांचं मंडळ भरायचं. नावाला शिवणकाम, पण सुईपेक्षा तोंडंच जास्त चालायची. एका गुरुवारी आमच्याच आळीतली एक बाई सुजलेला डोळा पदरात लपवून आली आणि शिवता शिवता रडायला लागली. माझा स्वभाव मुळात तापट. मी तडक चौकीत गेले आणि तिच्या नवऱ्याला आत्ताच्या आत्ता आत टाका म्हणून टेबलावर हात आपटला. जमादारांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"टाकतो ना बाई. आजच टाकतो. पन परवा थो सुटन. सुटल्यावर थो तुमच्या घरी जाईन का माह्या घरी येईन?"

"मग काय, नुसतं पाहत राहायचं?"

"पाहातच राहाचं," ते म्हणाले. "त्याले समजलं पायजे, कोनीतरी पाहून राह्यलं. साहेबलोक याले घरचा मामला म्हनते. कागदावर याचं काही होत नाई. मले नुसती तहान लागू शकते. कोनाच्या घरी लागाची, थे तुमी सांगत जा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि वेंधळा म्हटल्याची मनातल्या मनात लाज वाटली. संध्याकाळी ते त्या घरी गेले. मी आमच्या दारातून बघत होते. सुजलेल्या डोळ्याच्या त्या बाईनं पाणी दिलं, ते त्यांनी सावकाश प्यायलं, पेला उपडा ठेवला आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या घरचं पानी गोड हाय. येत जाईन मी." हसून म्हणाले, अगदी पाहुण्यानं म्हणावं तसं. पण त्या नवऱ्याचा चेहरा उतरला.

आम्हाला खबर देणारी होती अंजनाबाई कासारीण. बांगड्यांच्या माळा मोठ्या टोपलीत, हाऱ्यात घालून ती अख्ख्या पेठेत फिरायची. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही घरच्या बाईचा हात तिच्या हातात यायचाच. बांगडी चढवताना कासारीण हात दाबते, चोळते, बोटं मिटवून मऊ करते. बाईचा हात इतका वेळ तिच्या आईनंही धरलेला नसतो. कुठे दाबलं की कोणती सून कळवळते, हे अंजनाबाईला पाठ. ती तोंडानं काही विचारायची नाही. "बाई खोटी बोलते, हात नाई बोलत," असं म्हणायची. ती मला सांगायची, मी चौकीत सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या घराच्या पायरीवर जमादारांची सायकल टेकलेली दिसायची. असं आमचं तिघांचं वर्षानुवर्षं चाललं. मार सगळीकडे थांबला असं मी म्हणणार नाही. पण बऱ्याच घरांत उचललेला हात हवेत थांबायला लागला होता.

मोठ्या घरांतही त्यांना तहान लागायची. एकदा एका वकिलाच्या बंगल्यात लागली. वकीलसाहेब कायद्याचे, या तहानेचा अर्थ ते ओळखून होते. "जमादार, वॉरंट आहे का?" म्हणाले. जमादार पायरीवर टेकत म्हणाले, "पान्याले वारंट लागते काय, वकीलसाहेब?" वकीलसाहेबांना हसावं लागलं, आणि बाईंना पाणी घेऊन बाहेर यावं लागलं.

सगळीकडे हे एवढं सोपं नव्हतं. जमादारांच्या घराण्यानं बाकीच्यांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याआधी कित्येक घरांत त्यांना वरून ओंजळीत पाणी ओतत. दीक्षेनंतर त्यांनी ओंजळ धरणं बंद केलं, पेला मागायचे. मग काही घरांनी त्यांच्यासाठी कोनाड्यात वेगळा पेला ठेवला. मला त्याचा संताप यायचा. मी म्हटलं, "तुम्ही कसे पिता हो त्यातून?" तर म्हणाले, "मी गिलास पाहाले जातच नाई, बाई. देनारा हात पाहातो." हे ते हसून म्हणाले खरे, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. गिळलेला अपमान पाण्याबरोबर खाली जातो असं थोडंच आहे.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. निंबाचं घर म्हणून आमच्याकडे एक मोठं घर होतं. दारात कडुनिंब, दर्यापूरकडे काळी जमीन, मुलगा कापसाचा व्यवहार पाहायचा. त्या घरची सून वत्सला ही माझ्या हाताखाली शिकलेली. कविता म्हणताना डोळे मिटून घ्यायची, आणि मी ओरडले की एकच डोळा उघडायची. नागपंचमीच्या बांगड्या भरून आल्यावर अंजनाबाई माझ्याकडे आली आणि हारा खाली न ठेवताच म्हणाली, "निंबाच्या घरी तहान लागू द्या." जमादार गेले, पाणी प्याले, येत जाईन म्हणाले. पुन्हा एकदा गेले. मग हळूहळू ते घर शांत झालं. वत्सला नवं लुगडं नेसून नवऱ्याबरोबर अंबादेवीला जाताना मला दिसली. मी मोठ्या ऐटीत ही बातमी जमादारांना दिली.

त्यांचा चेहरा काही फुलला नाही. "मारून राह्यला तोवर मले समजते, बाई, थो काय करते. घर चूप झालं का मले भेव वाटते."

मी मनात म्हटलं, पोलिसाची जात, संशय काही सुटायचा नाही.

दसऱ्याच्या सुमारास ते त्या घरी जाऊन आले. रस्त्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "कशी आहे आमची वत्सला?" ते सायकलवर टांग टाकत म्हणाले, "पानी पेलो, बाई," आणि निघून गेले. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मान खाली. मला वाटलं, कामात असतील.

दिवाळी जवळ आली. अंजनाबाई गुरुवारी ओसरीवर आली आणि म्हणाली, "निंबाच्या घरी मले सासूनं दारातूनच वापस केलं. म्हने यंदा बांगड्या नोको. दिवाळीले सुनेले बांगड्या नोको म्हनते, असं घर मी पाह्यलं नाई."

"अगं, जमादार पाणी पिऊन आलेत तिथून," मी म्हटलं.

"कोनाच्या हातचं?"

हातातलं शिवण मी खाली ठेवलं. आम्ही दोघी तशाच चौकीत गेलो. अंजनाबाईनं त्यांना तोच प्रश्न केला. जमादारांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, जमिनीकडे बघितलं.

"सासूच्या."

"अन् सून?"

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "थे बाहेरची होती."

"पयल्यांदा?"

"तवाई. नंतरई."

अंजनाबाईनं हारा खाली ठेवला. "जमादार, बाई दसऱ्यापासून दिवाळीपावतर बाहेरची राह्यते का?"

बायका ज्या दिवसांत वेगळ्या बसतात, कशाला शिवत नाहीत, त्या दिवसांचं नाव आमच्याकडे पुरुष परक्या बाईपुढे काढत नसे. जमादारांनी तर ते मास्तरीणबाईंपुढे काढणं अशक्यच. बाहेरची आहे म्हणजे तिच्या हातचं पाणी नाही, हे उघडच. आणि त्यापुढे पुरुषानं एक अक्षर विचारायचं नाही, हीही रीत. ते दारातून मुकाट्यानं फिरले, आणि फिरले हे मलाही लाजेनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी हिशेब लावला असता. ती सासू जमादारांची मर्यादा बरोबर ओळखून होती. तिनं कडी लावली नाही, कुलूप लावलं नाही, त्या एका शब्दानं दार बंद करून घेतलं.

जमादारांनी टोपी घातली. "चाला," म्हणाले.

निंबाच्या घरी सासू दारातच उभी होती. जमादार या वेळी पायरीवर बसले नाहीत. "पानी पाजा माय. सुनेच्या हातचं."

"सांगतलं ना, बाहेरची हाय. तिच्या हातचं तुमाले कसं चालन?"

"मी बौद्ध हाय, माय. मले विटाळ नाई. तिच्याच हातचं द्या."

"तुले नसन," ती म्हणाली. "आमाले हाय."

तिनं दोन्ही हात चौकटीला लावले. अंजनाबाई तिच्या हाताखालून वाकून आत शिरली, तिच्यामागे मी. मागच्या अंगणात गोठ्याला लागून एक पडवी होती. तिथे गोणपाटावर वत्सला पडलेली. उजवा हात खांद्यापर्यंत चिंध्यांत गुंडाळलेला. त्या पडवीतला वास मला अजून आठवतो, त्याविषयी लिहीत नाही. तिनं मला ओळखलं. "बाई," म्हणाली, आणि मग, "पाणी."

पडवीत पाण्याचं भांडं नव्हतं. मी ओरडले. तेव्हा जमादार ओसरी ओलांडून, माजघर ओलांडून, थेट त्या घराच्या स्वयंपाकघरात गेले. तिथल्या माठात त्यांनी पेला बुडवला, भरून आणला, गुडघे टेकून तिच्या ओठांना लावला. जन्मभर बायकांच्या हातून पाणी मागत फिरलेल्या त्या माणसानं त्या दिवशी एका बाईला पाणी पाजलं. निम्मं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं.

वत्सला सरकारी दवाखान्यात वारली. जाण्याआधी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, चुलीत पदर गेला. सासू खाटेच्या पायथ्याशीच उभी होती. भाजलेल्या सुनेला डॉक्टर का दाखवला नाही, तर म्हणे ती बाहेरची होती. कोणावर काही शाबीत झालं नाही. त्या घरानं माठ रस्त्यावर आणून फोडला, त्याच्या खापऱ्या बरेच दिवस निंबाखाली पडून होत्या. आणि सांगायला लाज वाटते, पेठेत वत्सलापेक्षा त्या माठाचीच चर्चा जास्त झाली. जमादारांवर तक्रार गेली: वॉरंट नसताना बायकांच्या भागात शिरले. त्यांची अकोल्याला बदली झाली.

जायच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. मी पेला भरूनच ठेवला होता. त्यांनी हात जोडले. "नोको बाई. माही तहान मेली."

पुढे एकदा परीक्षेच्या कामानं अकोल्याला गेले तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. जमादारीणबाईंनी भरभरून केलं, पण एकीकडे घेऊन म्हणाल्या, "कोनाच्या घरी पानी मांगत नाईत आता. उन्हातान्हाचे जातात, कोरडेच्या कोरडे घरी येतात." जमादार खाटेवर बसून होते. वत्सलाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. उठताना मात्र ते एकदम म्हणाले, "मी दारातून फिरलो, तवा थे आतून ऐकत असन." मला रडू आलं.

महाराष्ट्र झाला, वर्षं गेली. आमचे हे गेले. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी थोरल्याचं, दिनकरचं, लग्न केलं. नोकरीतला मुलगा, अबोल, मान खाली घालून जाणारा. सून नलू गुणी. मंडळ बंद पडलं होतं, पण अंजनाबाई अजून यायची. ती नलूचे हात भरायला बसली की मी आत निघून जायची. विधवेनं बांगड्या भरताना समोर थांबू नये, म्हणून. मास्तरकी केली, जगाला शिकवलं, पण ही एक रीत माझ्याच्यानं सुटली नाही.

एका वैशाखातल्या रविवारी दुपारी दारात कोणीतरी म्हणालं, "पानी पाजा बाप्पा."

जमादार. पेन्शनीत निघालेले, पिकलेले, अकोल्याहून एस.टी.नं आलेले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. त्यांना पुन्हा तहान लागली होती. मी लगबगीनं उठले. ते म्हणाले, "तुमी बसा बाई. सूनबाईच्या हातचं येऊ द्या." दिनकर वर्तमानपत्र घेऊन तिथेच बसला होता. नलू पेला घेऊन आली. जमादारांनी कपाळ पुसलं. टोपी नव्हतीच, तरी काखेत काहीतरी चाचपलं. वाकून चपलेचा अंगठा सारखा केला. जुनी खोड, म्हणून मी हसत होते. नलू हात पुढे करून उभी होती, आणि तिचा पदर मनगटावरून सरकला.

मनगटाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे होते. काही निळे, काही पिवळे पडलेले. म्हणजे जुने.

जमादार सावकाश पाणी प्याले. पेला उपडा ठेवला. दिनकरच्या खांद्यावर हात ठेवून हसून म्हणाले, "तुमच्या घरचं पानी गोड हाय. येत जाईन मी."

मी त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अंजनाबाईनं निरोप देल्ला."

"मला का नाही सांगितलं तिनं? मी घरात होते."

जमादारांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुमी सासू हाय ना, बाई."

त्या संध्याकाळी मी दिनकरशी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. जमादार म्हटल्याप्रमाणे येत गेले, उन्हात आले, पावसातही आले. दर वेळी नलूच्या हातचं पाणी प्याले. आमचं घर शांत झालं. इतकं शांत, की मला भीती वाटायला लागली.

दिवाळीच्या आधी अंजनाबाई हारा न घेताच आली. जमादार अकोल्याला वारले, तिनं सांगितलं. तिला पदरानं डोळे पुसताना मी तेव्हाच पाहिलं, त्याआधी कधी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकर जेवून कामावर निघायचा होता. नलू वाढत होती. तो भात कालवत, ताटाकडेच बघत, सहज विचारावं तसं म्हणाला, "म्हणजे जमादार आता येणार नाहीत ना?"

नलूच्या हातातला डाव थांबला.

"नलू, मला पाणी दे," मी म्हटलं.

तिनं पेला भरून आणला. मी तो लगेच घेतला नाही. आधी कपाळ पुसलं, मग पाट सरकवला, मग लुगड्याची निरी सारखी केली. तिचा हात माझ्यासमोर होता, पदर मागे सरकेपर्यंत मी थांबले. मग पेला घेतला आणि दिनकरकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मला तहान मुळीच लागली नव्हती.